दोष मातीचा की बियाण्याचा?

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जाणारा रस्ता सुकापूर, नेरे अशी गावे घेत धोदाणीला पोचतो आणि तिथे डोंगराच्या पायथ्याशी संपतो. सुकापुरात आता इमारतींची दाटी झाली आहे. तरीही कुंपणाच्या भिंतीखाली किंवा गटाराच्या कडेला चार बोटे माती मोकळी असली, की तिथे एक वनस्पती हमखास भेटते. पाने समोरासमोर, कातरलेल्या कडांची आणि हाताला खरखरीत लागणारी. जमिनीवर पसरलेल्या खोडातून एकच लांब, सरळ दांडी वर येते आणि तिच्या टोकाला पिवळसर पांढरे छोटे फूल असते. या दांडीवरूनच तिला एकदांडी म्हणतात. कुठे ती दगडी पाला म्हणून ओळखली जाते, तर कुठे कंबरमोडी म्हणून. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. मूळची ती उष्ण कटिबंधातील अमेरिकेची. पण आता आपल्याकडे तिला कोणी परकी म्हणणार नाही.

विद्यार्थ्यांना दोन ठिकाणची एकदांडी आणायला सांगा. एक रस्त्याच्या कडेची, पायांखाली तुडवली जाणारी. दुसरी नेऱ्याच्या बाजूला अजून उरलेल्या शेतांच्या बांधावरची. पहिली जमिनीला चिकटलेली, आखूड पेरांची आणि लहान पानांची असते. दुसरी लांब, हिरवीगार आणि मोठ्या पानांची. मग वर्गात विचारा, ‘या दोघींत फरक का?’

बहुतेक मुले सांगतील, ‘सर, तिथली माती चांगली आहे.’ एखादी मुलगी म्हणेल, ‘बाई, ती जातच वेगळी असेल. तिचे बीच तसे असेल.’ दोन्ही उत्तरे शक्य कोटीतली आहेत. रस्त्याकडेला पिढ्यान् पिढ्या उंच रोपे तुडवली जाऊन मरत असतील, तर तिथे फक्त बुटक्या वाणाचेच बी उरले असेल, हेही अशक्य नाही. नुसत्या निरीक्षणाने या वादाचा निकाल लागत नाही. कारण रस्त्याकडेच्या रोपाचे बीही वेगळे असू शकते आणि मातीही वेगळी असते. दोन गोष्टी एकदम बदलल्या, की परिणाम कोणामुळे झाला हे कळायला मार्ग उरत नाही.

हा मार्ग वनस्पतिशास्त्रज्ञांनी शोधला आणि त्यासाठी त्यांना एकदांडीच्या एका चुलत बहिणीची फार मदत झाली. ती बहीण मात्र थंड प्रदेशात राहणारी आहे.

थंड प्रदेशातली बहीण

युरोप, उत्तर अमेरिका आणि आशियाचा थंड भाग येथील कुरणांत यारो नावाची वनस्पती सर्वत्र आढळते. आपल्या देशात ती हिमालयात, काश्मीरपासून कुमाऊँपर्यंत उगवते. युनानी हकीम तिला बिरंजासिफ म्हणतात. तिचे शास्त्रीय नाव अॅकिलिया मिलेफोलियम. मिलेफोलियम म्हणजे हजार पानांची. तिचे प्रत्येक पान पिसासारखे बारीक चिरलेले असते, म्हणून हे नाव. अॅकिलिया हे नाव ग्रीक कथांतल्या अॅकिलीस या योद्ध्यावरून आले. त्याने सैनिकांच्या जखमांवर हीच वनस्पती लावली, अशी आख्यायिका आहे.

जखमेचा हा धागा मोठा गमतीचा आहे. आपल्याकडे शेतात कापले, खरचटले, की एकदांडीचा पाला चुरगळून त्याचा रस लावण्याची रीत जुनी आहे. तिचे एक नावच जखमजोडी असे आहे. एक बहीण ग्रीसमध्ये आणि दुसरी कोकणात, पण दोघींकडे लोकांनी एकच काम सोपवले. (विद्यार्थ्यांना हे सांगताना पुढचेही सांगावे. जखमेवर मातकट पाला लावल्यास धनुर्वाताचा धोका असतो. जखम आधी स्वच्छ पाण्याने धुवावी, आणि ती खोल असेल तर दवाखाना गाठावा.)

दोघी सूर्यफुलाच्या कुळातल्या. या कुळाची खूण अशी, की आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरे तर अनेक चिमुकल्या फुलांचा गुच्छ असतो. एकदांडीचे फूल उकलून भिंगाखाली पाहिले, की कडेची पाकळीसारखी आणि मधली नळीसारखी अशी दोन प्रकारची फुले दिसतात. यारोचे गुच्छ फार लहान असतात. असे पुष्कळ गुच्छ एका पातळीत येऊन सपाट छत्री तयार होते.

बर्फाखाली झोपणारे रोप

थंड प्रदेशातले बागवान यारो आवडीने लावतात, कारण ती फारसे लाड मागत नाही. तिला भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते. खत घालून माती श्रीमंत केली, तर दांडे लांब व लुसलुशीत होऊन आडवे पडतात. हलक्या जमिनीत तीच ताठ उभी राहते. बी अतिशय बारीक असते. ते मातीत पुरायचे नाही, वर पसरून नुसते दाबायचे, कारण उगवण्यासाठी त्याला प्रकाश लागतो. दोन रोपांत फूट-दीड फूट अंतर ठेवतात. बियांपासून केलेली रोपे पुष्कळदा दुसऱ्या वर्षी फुलतात. सुकलेले तुरे कापून टाकले, की पुन्हा फुले येतात.

हिवाळ्यात जमिनीवरचा भाग वाळून जातो, पण रोप मरत नाही. जमिनीखाली त्याचे आडवे खोड असते आणि त्यावर पुढल्या वर्षीचे डोळे तयार असतात. वर बर्फ पडले, तर उलट त्याचे संरक्षणच होते. बर्फाचा थर घोंगडीसारखा असतो आणि त्याखालची माती बाहेरच्या हवेइतकी गारठत नाही. रोपाला खरा धोका थंडीपेक्षा साचलेल्या पाण्याचा. ओल्या जमिनीत खोड कुजते. सुकापूरच्या परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तेव्हा इथे यारो लावणाऱ्याला हिवाळ्याची काळजी नाही. पावसाळ्यातली उबदार दलदल हीच तिची परीक्षा.

वसंतात जमिनीखालचे डोळे फुटतात आणि ठोंब दरवर्षी रुंदावत जातो. तीन-चार वर्षांनी मधला भाग विरळ होतो. मग बागवान ठोंब उकरतात, त्याचे तुकडे करतात आणि वेगवेगळ्या जागी लावतात. आपल्याकडे शेवंतीच्या काश्या काढून लावतात, तसाच हा प्रकार.

बागवानाच्या दृष्टीने ही फुकट मिळालेली रोपे. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने मात्र त्यात मोठे घबाड आहे. बियांपासून आलेली दोन रोपे भावंडे असतात, एकमेकांच्या नकला नसतात. पण एकाच ठोंबाच्या दोन तुकड्यांत आनुवंशिक द्रव्य तेच असते. म्हणजे ‘बियाणे’ ही गोष्ट कायम ठेवून फक्त ‘माती’ बदलण्याची सोय निसर्गानेच करून दिली आहे.

तीन उंचींवरच्या तीन बागा

ही सोय फ्रान्सच्या गास्तों बोन्निये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वापरली. एकाच रोपाचे दोन भाग करून एक सपाटीवर आणि दुसरा उंच पर्वतात लावायचा, असा त्यांचा प्रयोग. पर्वतात लावलेल्या काही सपाटीच्या जाती पर्वतातल्या जातींत बदलल्या, असे त्यांनी जाहीर केले. इतरांना मात्र तसे आढळेना. पर्वतातल्या वाफ्यांची पुरेशी राखण झाली नसावी, लावलेली रोपे मरून त्यांच्या जागी आसपासची पहाडी रोपे घुसली असावीत, असा अर्थ पुढे लावण्यात आला. प्रयोगाची कल्पना उत्तम असली, तरी कुंडीत ‘आपोआप’ उगवलेले रोप सगळ्यावर पाणी फिरवू शकते!

स्वीडनच्या गोटे टुरेसन यांनी उलटी वाट धरली. निरनिराळ्या ठिकाणची रोपे आणून त्यांनी ती एकाच बागेत वाढवली. कितीतरी फरक एका मातीत आल्यावरही टिकून राहिले. जागेनुसार घडलेल्या अशा आनुवंशिक प्रकारांना त्यांनी १९२२ साली इकोटाइप हे नाव दिले.

या दोन्ही वाटा एकत्र आणल्या त्या कॅलिफोर्नियात जेन्स क्लॉसन, डेव्हिड केक आणि विल्यम हाइझी या तिघांनी. ते कार्नेगी इन्स्टिट्यूशनमध्ये काम करीत. त्यांनी तीन बागा निवडल्या. पहिली स्टॅनफर्डला, समुद्रसपाटीपासून सुमारे ३० मीटर उंचीवर. दुसरी मॅथरला, सुमारे १,४०० मीटरवर. तिसरी टिंबरलाइनला, सुमारे ३,०५० मीटरवर. तिसऱ्या बागेत वर्षातले बरेच महिने बर्फ. किनाऱ्यापासून सिएरा नेवाडा पर्वतापलीकडे जाणाऱ्या रेषेवर जागोजागची यारो गोळा करून त्यांनी ती वाढवली. त्यांचा यारोवरचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला.

त्यांना काय आढळले? उंच पर्वतातली यारो तिच्या घरी बुटकी असते. ती स्टॅनफर्डच्या उबदार बागेत आणली, तरी खालच्या खोऱ्यातल्या यारोच्या मानाने ती बुटकीच राहिली. शिवाय स्टॅनफर्डचा हिवाळा सौम्य असूनही ती हिवाळ्यात झोपी जाई, तर किनाऱ्यावरची यारो त्याच वेळी वाढत असे. म्हणजे बुटकेपणा आणि झोप यांत बियाण्याचा वाटा होता. मग उंच वाढणारी यारो ‘चांगली’ म्हणायची का? तीच टिंबरलाइनला नेली, तेव्हा ती तिथे तग धरीना. तिथल्या तोकड्या उन्हाळ्यात झटपट फुलून बी धरणे पहाडी बुटकीलाच साधत होते.

याच कामातले सात रोपांचे एक चित्र आनुवंशिकीच्या पाठ्यपुस्तकांत नेहमी दिले जाते. सातही रोपांचे तुकडे तिन्ही बागांत लावले आणि उंची मोजली. प्रत्येक बागेत उंचीचा क्रम निराळा आला. खालच्या बागेत सर्वांत उंच वाढलेले रोप मधल्या बागेत जवळजवळ तळाला गेले. ‘सातांत उंच वाणाचे रोप कोणते?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. ‘कोणत्या बागेत?’ असे विचारल्याशिवाय तो प्रश्न पुराच होत नाही.

सुकापुरात करून पाहू या

हा प्रयोग शाळेत करायला यारो नको, बर्फही नको. एकदांडीच्या खोडाला जमिनीला टेकलेल्या पेरांपाशी मुळे फुटतात. मुळे असलेला तुकडा कापून लावला, की त्याच रोपाची दुसरी प्रत तयार होते. जुलै महिना यासाठी चांगला. पाणी घालण्याची कटकट नाही आणि दिवाळीच्या सुट्टीपूर्वी निकाल हाती येतो.

१. रस्त्याकडेची पाच आणि बांधावरची पाच रोपे निवडा. दोन रोपांत पंधरा-वीस पावले अंतर ठेवा, नाहीतर एकाच रोपाचे दोन फाटे हाती येतील. रस्त्याकडेची रोपे शिक्षकांनी काढावीत. त्या रस्त्याला वाहने फार.

२. दहाही रोपे आधी सारख्या मातीत महिनाभर वाढवा. ही पायरी गाळण्याचा मोह होतो, पण ती गाळू नये. बांधावरचे रोप खोडात अन्नाची शिदोरी घेऊन येते. ती संपण्याआधी मोजमाप केले, तर शिदोरीचा गुण बियाण्याच्या नावावर जमा होईल.

३. आता प्रत्येक रोपाचे तीन-तीन पेरांचे दोन तुकडे घ्या. एक मुरूम मिसळलेल्या हलक्या मातीत लावा, दुसरा शेणखत घातलेल्या मातीत. एकूण वीस कुंड्या झाल्या. तेलाचे रिकामे डबे किंवा दुधाच्या पिशव्या चालतील. मात्र सगळ्या एकाच मापाच्या हव्यात आणि तळाला भोके हवीत.

४. कुंड्यांवर फक्त आकडे घाला. कोणता आकडा कुठल्या रोपाचा, ही यादी शिक्षकांकडे बंद पाकिटात राहू द्या. मोजणाऱ्याला उत्तर माहीत असले, की फूटपट्टी नकळत सरकते.

५. दर आठवड्याला कुंड्यांच्या जागा बदला, म्हणजे ऊन-सावली सर्वांना सारखी मिळेल. कुंडीत आपोआप उगवलेले प्रत्येक रोप उपटून टाका. बोन्निये यांची आठवण ठेवा!

६. सहा-सात आठवड्यांनी सर्वांत लांब फाट्याची लांबी, सर्वांत मोठ्या पानाची लांबी आणि फुलांच्या दांड्यांची संख्या वहीत नोंदवा. मग पाकीट उघडून चारही गटांची सरासरी काढा.

आलेख वाचताना

आलेखाच्या आडव्या अक्षावर दोनच जागा घ्या, हलकी माती आणि खताची माती. उभ्या अक्षावर फाट्याची लांबी. रस्त्याकडेच्या रोपांचे दोन बिंदू एका रेषेने जोडा आणि बांधावरच्यांचे दुसऱ्या रेषेने. आता चार शक्यता संभवतात.

दोन्ही रेषा एकमेकींवर पडल्या आणि दोन्ही चढत्या असल्या, तर फरक मातीचा, बियाणे सारखेच. दोन्ही आडव्या पण एक वर आणि एक खाली असली, तर फरक बियाण्याचा. दोन्ही चढत्या आणि समांतर असल्या, तर दोघांचाही वाटा आहे. आणि रेषा एकमेकींना छेदून गेल्या, तर सर्वांत मौजेचा निकाल लागला असे समजा. हलक्या मातीत एक वाण सरस आणि खताच्या मातीत दुसरा. यारोच्या सात रोपांनी हेच दाखवले होते.

दोन सरासरींत थोडा फरक दिसला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. पाचही रोपांचे आकडे आलेखावर सुटे टिंबांनी दाखवा. एका गटातली टिंबेच इतकी विखुरलेली असली, की दुसऱ्या गटात मिसळून जातात, तर ‘फरक सिद्ध झाला नाही’ असे लिहावे. हेही एक खरे उत्तरच आहे.

पुढच्या वर्षी प्रयोग वाढवता येईल. सुकापूरहून माथेरान सरळ रेषेत पंधरा-सोळा किलोमीटरवर. पण ते सुमारे ८०० मीटर उंच आहे. उंचीबरोबर हवा दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंशांनी थंड होते, या हिशेबाने तिथे आपल्यापेक्षा पाचेक अंश कमी तापमान असणार. तिथल्या शाळेशी पत्रव्यवहार करून तीच जोडी दोन्हीकडे वाढवता येईल. मात्र माथेरानचे जंगल २००३ पासून संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालेले आहे. रोपे कुंडीतच ठेवावीत, फुले मोजून झाली की बी उडण्यापूर्वी खुडावीत, आणि शेवटी रोपे नष्ट करावीत.

भाताचा वाण आणि खाजण

हा नुसता तणावरचा खेळ नव्हे. पनवेलला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र आहे. खाडीच्या पाण्याने खारवलेल्या जमिनीत तग धरणारे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे भाताचे वाण तिथून आले. घाटाच्या पायथ्याला कर्जतला भात संशोधनाचे दुसरे केंद्र आहे आणि तिथल्या वाणांची नावेही कर्जतवरून आहेत. एकाच जिल्ह्यात दोन केंद्रे कशाला, असा प्रश्न विद्यार्थ्याला पडला, तर त्याचे उत्तर वरच्या छेदणाऱ्या रेषांत आहे. गोड्या जमिनीत भरघोस पिकणारा वाण खारात मान टाकतो. म्हणून नवा वाण शेतकऱ्याला देण्यापूर्वी तो निरनिराळ्या ठिकाणच्या जमिनींत लावून पाहतात. दुकानदार ‘सर्वांत चांगले बियाणे’ म्हणून पिशवी पुढे करतो, तेव्हा ‘कोणत्या जमिनीत चांगले?’ एवढे विचारणारा शेतकरी यारोच्या तीन बागांचा धडा शिकलेला असतो. हंगाम हातचा गेल्यावर हा धडा शिकणे फार महाग पडते.

आणि आपल्या वर्गात?

‘खाण तशी माती’ असे आपण सहज म्हणून जातो. सुकापूरसारख्या गावातल्या एका वर्गात नव्या वसाहतींतली मुले असतात, कामासाठी दूरच्या जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांची असतात, डोंगराकडच्या वाड्यांतलीही असतात. त्यांतल्या कोणाला घरी टेबल-खुर्ची आणि शिकवणी असते. कोणी सकाळचे पाणी भरून, धाकट्या भावंडाला सांभाळून शाळेत येते. सहामाहीच्या गुणपत्रिकेकडे पाहून ‘हा मुळातच हुशार’, ‘ती मुळातच कच्ची’ असे शेरे शिक्षकांच्या खोलीत ऐकू येतात.

हा शेरा बियाण्याबद्दलचा आहे. पण आपल्यासमोर आहे काय? दोन निरनिराळ्या मातींत वाढलेली दोन रोपे. बियाण्यात फरक नसतोच, असा दावा यारो करीत नाही. तिच्या बियाण्यात फरक होताच. ती सांगते ते इतकेच, की माती सारखी केल्याशिवाय बियाण्याविषयी काही बोलता येत नाही. आणि बोललो, तरी ते त्या एका मातीपुरतेच खरे असते. मुलांचे तुकडे करून दोन घरांत वाढवता येत नाहीत. तेव्हा त्यांच्याबाबत हा प्रयोग कोणालाच पुरा करता येणार नाही. करता येते ते एवढेच, की शाळेतल्या सहा तासांची माती, म्हणजे पुढच्या बाकावरची जागा, वाचनालयातले पुस्तक आणि प्रश्न विचारायची मुभा, सर्वांना सारखी द्यावी.

कुंड्यांच्या जागा दर आठवड्याला बदलायच्या असतात. वर्गातल्या बाकांच्या जागा शेवटच्या कधी बदलल्या होत्या?